शिकणाऱ्याचे वाक्य मध्येच दुरुस्त करावे, की आधी पूर्ण होऊ द्यावे?

नेहरूनगर

नमस्कार. मी कुर्ल्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. सध्याच्या तुकडीत चौदा जण आहेत: आठ हिंदीभाषक, तीन गुजराती, दोघी तमिळ आणि एक मल्याळी. कोणी बँकेत काम करतात, कोणी इस्पितळात, एकाचे स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. दिवसभराच्या कामानंतर, लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून ही माणसे स्वतःच्या इच्छेने येतात, याची मला पूर्ण जाणीव आहे आणि म्हणूनच पुढचा प्रसंग मला फार लागला आहे.

तीन रविवारांपूर्वी मी सर्वांना गेल्या आठवड्यात घडलेली एखादी गोष्ट सांगायला सांगितले. बँकेत नोकरी करणारे एक हिंदीभाषक गृहस्थ उभे राहिले. ‘‘रात्री मुलीला ताप आला. तिचा अंग खूप गरम होता,’’ असे ते म्हणताच मी ‘‘अंग गरम होते’’ अशी दुरुस्ती केली. ‘‘मीने डॉक्टरला फोन केला,’’ यावर ‘‘मीने नाही, नुसते मी’’ असे सांगितले. ‘‘औषधाची दुकान बंद होती’’ यावर ‘‘दुकान बंद होते’’, आणि ‘‘मग आम्ही रिक्षा पकडला’’ यावर ‘‘पकडली’’. चौथ्या दुरुस्तीनंतर ते थांबले, ‘‘बाकी सगळं ठीक आहे’’ असे म्हणाले आणि खाली बसले. ती रिक्षा थेट इस्पितळात गेली होती आणि मुलीला दोन रात्री तेथे ठेवावे लागले होते, हे मला नंतर त्यांच्या शेजारी बसणाऱ्या विद्यार्थ्याकडून कळले. त्या वाक्यापर्यंत मी त्यांना पोहोचूच दिले नव्हते. तेव्हापासून ते वेळेवर येतात, शेवटच्या रांगेत बसतात, फळ्यावरचे सर्व उतरवून घेतात, पण तोंड उघडत नाहीत.

माझी चूक मला कळते. मात्र दुसऱ्या बाजूची भीतीही खरी आहे. आमच्याच इमारतीत पंचवीस वर्षे मुंबईत राहिलेले आणि रोज मराठी बोलणारे शेजारी आहेत, आणि ते आजही ‘‘मला वेल नाही’’ असेच म्हणतात, कारण त्यांना कोणी कधी टोकलेच नाही. चुका सोडून दिल्या तर त्या जिभेवर कायमच्या बसतील, ही भीती अनाठायी आहे का? कोणती चूक केव्हा सांगावी, आणि कोणती सोडून द्यावी, यासंबंधी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

जुनी_तुकडी

ताई, आपण प्रसंग लपवून न ठेवता मांडलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. मी परळ भागातील महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले तेव्हा आमच्यापुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता, कारण सहा वर्षांच्या मुलाला चौथ्यांदा अडवले की ते पाचव्यांदा बोलत नाही, हे आम्ही रोज पाहत होतो.

पहिली गोष्ट अशी की ‘चूक’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. ब्रिटिश भाषाभ्यासक पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये हा भेद स्पष्टपणे मांडला. माणूस थकलेला असतो, घाईत असतो, मनाने दुसरीकडे असतो, तेव्हा येणारी चूक ही घसरण असते. नियम त्याला ठाऊक असतो आणि क्षणभर थांबवले तर तो स्वतःच सुधारतो. दुसरी चूक नियमच अजून तयार न झाल्यामुळे होते, आणि ती कितीही वेळा थांबवले तरी त्याला स्वतःहून सुधारता येत नाही. आजारी मुलीची गोष्ट सांगणाऱ्या बापाच्या चार चुकांपैकी कोणती कोणत्या प्रकारची होती, हे त्या क्षणी आपल्याला कळणे शक्यच नव्हते. ते कळण्यासाठी त्याच माणसाला एखाद्या निवांत दिवशी, साध्या विषयावर बोलताना ऐकावे लागते.

दुसरी गोष्ट दुरुस्तीच्या पद्धतीची. कॅनडातील रॉय लिस्टर आणि लैला राँटा यांनी फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांच्या चार वर्गांतील १८ तासांहून थोड्या अधिक वेळाचे ध्वनिमुद्रण तपासून १९९७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षक चूक सहा प्रकारांनी हाताळतात, असे त्यांना दिसले. सरळ चूक सांगून योग्य रूप देणे हा एक प्रकार. आपण तो वापरलात. मुलाचे वाक्य शुद्ध करून सहज परत म्हणणे हा दुसरा, याला आपण पुनर्कथन म्हणू. बाकीच्या चार प्रकारांत शिक्षक उत्तर स्वतः देत नाही. तो ‘काय म्हणालास?’ असे विचारतो, किंवा नियमाची खूण देतो, किंवा वाक्य अर्धे म्हणून मुलाकडून पुरे करून घेतो, किंवा चुकीचा शब्दच प्रश्नार्थक सुरात परत उच्चारतो. या वर्गांतील शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा पुनर्कथन करत होते, आणि त्याला मुलांकडून प्रतिसाद मात्र सर्वांत कमी, सुमारे ३१ टक्के वेळाच मिळत होता. उलट वाक्य अर्धे सोडून मुलाला पुरे करायला लावले की प्रत्येक वेळी काही ना काही प्रतिसाद येत होता, जरी त्यातले निम्म्याहून कमी प्रतिसाद अचूक असले तरी.

हे वाचल्यावर मी स्वतःची पद्धत बदलली. ‘‘शी गो टू मार्केट’’ असे मुलगी म्हणाली की मी पूर्वी ‘‘गोज’’ असे म्हणून मोकळा होत असे. नंतर मी ‘‘शी…’’ एवढेच म्हणून थांबू लागलो. मुलगी विचार करायची, कधी जमायचे, कधी नाही. पण त्या दोन सेकंदांत काम तिचे डोके करत असे, माझे नव्हे. वेळ जास्त लागतो, हे खरे. पंचेचाळीसच्या वर्गात प्रत्येकासाठी हे करता येत नाही, हेही खरे. आपल्या चौदांच्या तुकडीत मात्र ते करता येईल.

आणि मनातली गोष्ट सांगणाऱ्याला मध्ये अडवूच नये. हातात कागदाचा तुकडा ठेवा, जे ऐकू येईल ते लिहून ठेवा, गोष्ट संपल्यावर आधी गोष्टीला उत्तर द्या, ‘‘मुलगी आता कशी आहे?’’ असे विचारा, आणि दुरुस्ती त्या दिवशी अगदी शेवटी किंवा पुढच्या वेळी, कोणाचेही नाव न घेता करा.

---

माटुंगा_पूर्व

मी शिकवत नाही. मी मराठी शिकले आहे, आणि आता बारा वर्षे एका इस्पितळाच्या चौकशी खिडकीवर मराठीत काम करते. घरी आम्ही तमिळ बोलतो. दुरुस्ती ज्याची होते त्याच्या बाजूने चार गोष्टी सांगाव्यात, असे वाटले.

माझ्या मातृभाषेत ळ आहे, त्यामुळे ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांत माझी कधीच गल्लत झाली नाही. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेदही तमिळमध्ये जसाच्या तसा आहे. पण तमिळमध्ये खुर्ची, पाऊस, पोळी, रिक्षा या सगळ्या निर्जीव वस्तू एकाच वर्गात मोडतात. त्यांच्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. शिवाय खाणारा मी असताना क्रियापद पोळीप्रमाणे का बदलावे, हे तर मला अजिबात कळत नव्हते. मी ‘‘मी पोळी खाल्लो’’ असे म्हणत असे, म्हणजे लिंगही चुकत होते आणि रचनाही. आमच्या विभागातील एक ज्येष्ठ परिचारिका फार मायाळू होत्या. त्या प्रत्येक वेळी ‘‘अगं, पोळी खाल्लीस का? छान,’’ असे म्हणत. मला पुष्कळ महिने वाटत होते की त्या माझ्या बोलण्याला नुसता होकार देत आहेत. त्या मला दुरुस्त करत होत्या, हे मला त्यांनी स्वतः सांगितले तेव्हा कळले. म्हणून वर जुनी_तुकडी सरांनी पुनर्कथनाबद्दल जे लिहिले आहे, ते मी माझ्या अनुभवावरून खरे मानते. दुसऱ्या एका सहकाऱ्याने एकदा कागदावर ‘मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी केळे खाल्ले’ अशी तीन वाक्ये एकाखाली एक लिहून दिली. त्यानंतरच्या आठवड्यात मला तेच रूप सगळीकडे ऐकू येऊ लागले, लोकलमध्ये, लिफ्टमध्ये, दूरचित्रवाणीवर. ते आधीही कानांवर पडत होतेच. मला ते ऐकू येत नव्हते.

कोणती चूक ताबडतोब सांगावी, याचेही उत्तर मला खिडकीवर मिळाले. आमचा एक हिंदीभाषक सहकारी रुग्णाच्या नातेवाइकांना ‘‘बेड खाली आहे’’ असे म्हणाला. त्याला ‘रिकामा आहे’ असे म्हणायचे होते. ती मंडळी रुग्णाला चाकाच्या खुर्चीत बसवून तळमजल्यावर गेली आणि वीस मिनिटे शोधत राहिली. ही चूक त्याच क्षणी सांगायला हवी होती आणि आम्ही ती सांगितली. त्याच सहकाऱ्याने दिवसभरात ‘‘माझा फाइल’’ असे दहा वेळा म्हटले असेल, त्याने कोणाचेही काही अडले नाही. ‘‘मला शिक्षा घ्यायची आहे’’, ‘‘आम्ही जेवायला जाऊ’’ (आणि समोरच्यालाही बरोबर न्यायचे आहे), अशा चुकांमध्ये ऐकणाऱ्याचा अर्थच पालटतो. लिंगाच्या चुकीत तसे सहसा होत नाही.

आता मुख्य गोष्ट. ताई, आपण त्यांना चार वेळा टोकलेत, तरी आपण मराठीतच टोकलेत. या शहरात आम्हाला सर्वांत जास्त लागते ती दुरुस्ती वेगळीच असते. मी मनात वाक्य जुळवून, धीर करून मराठीत काही विचारते, माझा एक प्रत्यय चुकतो, आणि समोरचा मराठी माणूस तत्काळ हिंदीत उत्तर देतो. भाजीवाली देते, कंडक्टर देतो, शेजारीण देते. त्यामागे त्यांचा हेतू चांगलाच असतो, मला सोपे जावे असा. पण ‘तुझे मराठी पुरेसे नाही’ असे जे त्यातून ऐकू येते, तसे कोणत्याही लाल शाईतून ऐकू येत नाही. पहिली तीन वर्षे मी रोज हे ऐकले. माझे मराठी टिकले ते त्या परिचारिकाबाईंमुळे, कारण माझे वाक्य कितीही मोडके असले तरी त्यांनी माझ्याशी कधीही भाषा बदलली नाही. आपल्या शेजाऱ्यांचे ‘‘वेल नाही’’ पंचवीस वर्षे टिकले, त्याचे कारण टोकले नाही एवढेच नसावे. त्यांच्याशी किती लोक खरोखर मराठीत बोलले, हेही पाहावे.

---

वह्यांचा_गठ्ठा

माटुंगा_पूर्व यांचा शेवटचा परिच्छेद मी उद्या शिक्षककक्षात वाचून दाखवणार आहे.

परंतु माझ्या वर्गाची स्थिती वेगळी आहे आणि त्यामुळे काही बाबतींत माझे मत वेगळे आहे. मी घाटकोपर येथे गुजराती माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. वह्या अठ्ठेचाळीस. २०२० च्या कायद्यामुळे आता सर्वच माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, पण गुजराती माध्यमात आम्ही ती त्याआधीपासून शिकवत आलो आहोत. गुजरातीत तीन लिंगे असल्यामुळे आमच्या मुलांना नपुंसकलिंग परके वाटत नाही. त्यांचे अडते ते सामान्यरूपापाशी, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी नामात होणाऱ्या बदलापाशी. गुजरातीत ‘घर’ला प्रत्यय लागताना ‘घर’ बदलत नाही, त्यामुळे मुले ‘झाडवर’, ‘घरमध्ये’, ‘शाळामध्ये’ असे लिहितात. पाचवीतल्या एका निबंधात असे तेवीस शब्द मी स्वतः मोजले आहेत.

गोष्ट संपल्यावर किंवा पुढच्या तासाला सांगावे, हा सल्ला मोठ्या माणसांना लागू पडेल. दहा वर्षांच्या मुलाला आपण दहा मिनिटांपूर्वी काय म्हणालो ते आठवत नाही. फळ्यावर ते वाक्य लिहिले तर ‘‘हे कोण बोललं?’’ असे तेच विचारते. लहान मुलांना दुरुस्ती जागच्या जागी आणि हसतमुखाने करावी लागते, आणि आमची मुले ती मनाला लावून घेत नाहीत, जर शिक्षक सर्वांना सारखेच सांगत असेल तर.

लेखनाबाबत मला अधिक सांगायचे आहे. १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी असा पक्ष मांडला की लेखनातील व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देण्याचा उपयोग होत नाही, उलट अपाय होतो, म्हणून ती प्रथा सोडून द्यावी. १९९९ मध्ये डेना फेरिस यांनी त्याला उत्तर दिले की हा निष्कर्ष घाईचा आहे आणि निवडक, स्पष्ट दुरुस्तीचा काही विद्यार्थ्यांना निश्चित लाभ होतो. बी.एड.ला असताना हा वाद मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ नोकरीच्या सहाव्या वर्षी कळला, जेव्हा माझ्या लक्षात आले की मी रात्री बारापर्यंत जागून जी योग्य रूपे लाल शाईने वर लिहिते, ती मुले पाहतसुद्धा नाहीत. ती गुण पाहतात आणि वही दप्तरात टाकतात. तेव्हापासून मी योग्य रूप लिहून देत नाही. एका निबंधात एकाच जातीची चूक धरते, समजा फक्त सामान्यरूप, आणि त्या शब्दांखाली नुसती रेघ मारते. दुसऱ्या दिवशी तासाची पहिली पंधरा मिनिटे मुलांनी आपापल्या रेघा सोडवायच्या, शेजाऱ्याला विचारले तरी चालेल. बाकीच्या चुका मी पाहते आणि सोडते. हे सोडणे मला फार कठीण गेले, आणि पालकसभेत ‘‘बाईंना चुका दिसत नाहीत का?’’ असे ऐकावेही लागले. पण ‘झाडवर’चे ‘झाडावर’ झाले ते रेघेने. वर लिहून दिलेल्या ‘झाडावर’ने ते पाच वर्षांत झाले नव्हते.

---

कलिना_पूर्ववारा

भाषाशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून दोन मुद्दे मांडते.

नेहरूनगर ताईंच्या भीतीला अभ्यासात नाव आहे. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये ‘अंतरभाषा’ ही कल्पना मांडली: शिकणारा जी भाषा बोलतो ती मातृभाषाही नसते आणि लक्ष्यभाषाही (जी शिकायची ती भाषा) नसते, तिची स्वतःची व्यवस्था असते, आणि ती सतत बदलत असते. काही रूपे मात्र एका टप्प्यावर थिजतात (यालाच ‘फॉसिलायझेशन’ म्हणतात), आणि पुढे कितीही मराठी कानांवर पडले तरी हलत नाहीत. ही भीती म्हणून अनाठायी नाही. पण एखादी चूक थिजलेली आहे की वाटेवरची आहे, हे एका वाक्यावरून ठरत नाही.

एक उदाहरण देते. माझ्या ओळखीचे एक हिंदीभाषक विद्यार्थी पूर्वी ‘‘मी कुर्लाला जातो’’ असे म्हणत. काही महिन्यांनी ‘‘कुर्ल्याला’’ हे बरोबर रूप आले, ‘‘ठाण्याला’’ आणि ‘‘वांद्र्याला’’ही आले, आणि त्याच आठवड्यात ते ‘‘दादराला जातो’’, ‘‘परळाला जातो’’ असे म्हणू लागले. याआधी ते ‘‘दादरला’’ बरोबर म्हणत होते! वरवर पाहता त्यांचे मराठी बिघडले. प्रत्यक्षात त्यांनी सामान्यरूपाचा नियम पकडला होता आणि ‘घर, घराला’ या धर्तीवर तो गावांच्या नावांनाही लावत होते. अकारान्त स्थलनामे हा नियम सहसा पाळत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. अशी चूक ऐकली की शिक्षकाने आनंद मानावा आणि अपवाद तेवढा सांगावा. ‘‘दादराला नाही, दादरला’’ असे नुसते सांगितले तर तो माणूस नुकताच हाती आलेला नियमच सोडून देण्याची शक्यता असते.

इंग्रजीतल्या ‘गोज’बद्दल सरांनी लिहिले आहे. तृतीयपुरुषी एकवचनाचा तो ‘स’ इंग्रजी शिकणाऱ्यांच्या बोलण्यात फार उशिरा स्थिरावतो, मग त्यांची मातृभाषा कोणतीही असो, असे १९७० च्या दशकापासूनच्या अनेक अभ्यासांत आढळले आहे. नियम पहिल्या दिवशी समजतो आणि तोंडात मात्र उशिरा येतो. दुरुस्तीचा उपयोग कोणत्या रूपाची वेळ आली आहे, यावर बराच अवलंबून असतो.

दुसरा मुद्दा संवेदनशील आहे. आपण जे दुरुस्त करतो ते सर्व चूक असतेच का? मुंबईत जन्मलेल्या, मराठी मातृभाषेच्या असंख्य मुली ‘‘मी आली’’, ‘‘मी गेली’’ असे म्हणतात, आणि ‘‘तो मला बोलला’’ हे ‘म्हणाला’च्या अर्थाने सर्रास ऐकू येते. शिकणारी व्यक्ती हे लोकलच्या डब्यातून उचलते आणि वर्गात वापरते. मी तिला ‘‘चुकले’’ असे सांगितले, तर ज्यांच्याशी बोलता यावे म्हणून ती शिकते आहे त्यांचेच बोलणे मी चुकीचे ठरवते. मी अशा वेळी ‘‘असे मुंबईत म्हणतात, अर्ज, मुलाखत किंवा परीक्षेसाठी ‘मी आले’ असे लिहा,’’ असे सांगते. प्रौढांना हा फरक सहज समजतो.

---

जुनी_तुकडी

वह्यांचा_गठ्ठा यांचा आक्षेप मान्य आहे. माझा सल्ला प्रौढांपुरता होता, तसे स्पष्ट लिहायला हवे होते. रेघेची पद्धत आणि माझे अर्धे सोडलेले वाक्य यांचे तत्त्व एकच आहे, दोन्हींत उत्तर मुलाकडून येते. लिस्टर आणि साइतो यांनी २०१० मध्ये वर्गांत झालेल्या पंधरा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यातही उत्तर काढून घेणाऱ्या पद्धतींचा परिणाम पुनर्कथनापेक्षा अधिक दिसला, आणि लहान वयाच्या विद्यार्थ्यांना दुरुस्तीचा लाभ मोठ्यांपेक्षा जास्त झालेला आढळला. म्हणजे त्यांचा अनुभव त्या निष्कर्षांशी जुळतो.

बंगळूरच्या प्रयोगाचा उल्लेख राहून गेला होता. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा जो प्रयोग केला, त्यात मुलांना नकाशा वाचणे, रेल्वेच्या वेळापत्रकातून गाडी शोधणे अशी कामे दिली जात आणि व्याकरणाचा तास नसे. तिथेही चुका सुधारल्या जात, पण प्रसंगापुरत्या: अडलेले वाक्य सुधारायचे आणि काम पुढे न्यायचे; त्या चुकीवरून नियमाचे प्रवचन सुरू करायचे नाही. ताईंच्या वर्गाला हे फार उपयोगी पडेल, असे मला वाटते.

---

नेहरूनगर

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे थांबून लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

पहिल्या शनिवारी मी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली आणि आपली कोणती चूक केव्हा सांगितलेली आवडेल, ते कोणत्याही भाषेत लिहायला सांगितले. मोबाइलच्या दुकानवाल्यांनी लिहिले, ‘सगळ्या सांगा, लगेच सांगा.’ दोघी तमिळ विद्यार्थिनींनी ‘लिहून दाखवा, नुसते बोलू नका’ असे लिहिले. बँकेतल्या गृहस्थांची चिठ्ठी मराठीत होती: ‘बँकेत ग्राहकबरोबर बोलतो ते चूक सांगा. घरचा गोष्ट बोलतो तेव्हा नको.’ ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. इतकी वर्षे शिकवताना हा प्रश्न मी कोणालाच का विचारला नाही, याचे मला आता आश्चर्य वाटते.

त्यानंतर मी वर्गाचे दोन भाग केले. पहिल्या भागात बँक, दवाखाना, रेशन दुकान, गृहनिर्माण संस्थेची सभा अशा प्रसंगांचे संवाद होतात. तिथे मी सरांच्या पद्धतीने वाक्य अर्धे म्हणून थांबते, आणि ‘‘बेड खाली आहे’’ यासारखी अर्थ पालटणारी चूक तत्काळ सांगते. दुसऱ्या भागात ज्याला जे सांगायचे ते तो सांगतो आणि मी फक्त ऐकते व लिहून ठेवते. पुढच्या वेळी तशी आठ वाक्ये फळ्यावर येतात, काही बरोबर, काही चुकलेली, आणि वर्गच त्यांची निवड करतो. ‘‘मीने’’ कोणी पकडावे? एका गुजराती विद्यार्थ्याने पकडले, आणि कारणही सांगितले: ‘‘त्याने, तिने चालते, मी आणि तू यांना ‘ने’ लागत नाही.’’ इतके स्वच्छ मी कधी सांगितले नव्हते.

ते गृहस्थ वर्गासमोर अजून उभे राहिलेले नाहीत. गेल्या रविवारी मात्र मधल्या सुट्टीत, पाण्याच्या पिंपापाशी, त्यांनी मला मुलीच्या इस्पितळातल्या दोन रात्रींची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पूर्ण मराठीत. त्यात ‘‘मीने’’ तीनदा आले. एकदा ते स्वतःच थांबले, ‘‘मी’’ म्हणाले आणि पुढे गेले. मुलगी आता शाळेत जाऊ लागली आहे.

सुट्टी संपताना त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला नीट देता आले नाही: ‘‘दुकान हिंदीत ती, मराठीत ते. मग मी कसं ओळखायचं?’’ ‘ऐकून ऐकून कळेल’ असे सांगणे मला पटत नाही. हिंदीभाषकांना नपुंसकलिंग शिकवण्याची कोणाची काही रीत असल्यास सांगावी.

---

कलिना_पूर्ववारा

पूर्ण ओळखता येईल असा नियम नाही, हे त्यांना प्रांजळपणे सांगावे. मदत होईल अशी एक रीत आहे. नाम एकटे कधीही देऊ नका. बदलणाऱ्या विशेषणासह द्या: ‘छोटे दुकान’, ‘मोठे घर’, ‘गरम अंग’ नको तर ‘तापलेले अंग’, कारण ‘गरम’ बदलत नाही आणि लिंग लपवते. ‘केळे’, ‘तळे’, ‘डोके’ असे बोलण्यात अनुस्वारी अं ऐकू येणारे शब्द बहुतेक नपुंसकलिंगी असतात, तो गट आधी घ्यावा. आणि हिंदीत ज्यांचे लिंग वेगळे आहे असे, त्यांच्या बँकेत रोज लागणारे वीसच शब्द निवडावेत: खाते, पुस्तक, कर्ज, व्याज, दुकान, घर. त्या वीस शब्दांच्या चुका तेवढ्या धरा. बाकीच्या सध्या राहू द्या.

---

नेहरूनगर

‘खाते’ आणि ‘कर्ज’ यांपासून येत्या शनिवारी सुरुवात करते. शब्दांची यादी त्यांनाच करायला सांगितली आहे.